सहावी पाकळी

कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येतेच, म्हणतात.
मी तर बर्स्लेमचाच पोरगा.
आमच्या गल्लीतून आभाळ दिसायचं ते
दोन भट्ट्यांच्या मधून, काजळलेलं, चिंचोळं.
तरी मातीला हात लावायला
सहासष्टावं वर्ष उजाडलं.

दर गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता,
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण
एप्रन बांधून बसतो.
इम्तियाज दातांचा डॉक्टर,
त्याच्या वाटीला कुठे कंगोरा राहत नाही.
पॉलीन मातीशी बोलते, कधी कधी रागावतेही.
आणि मी, नॉर्मन ब्लूर,
पस्तीस वर्षं एकवीस नंबरची बस चालवून
आता या एवढ्याशा चाकापुढे घाम पुसणारा.

"झटू नका त्याच्याशी," ब्रॉनी सांगते.
वयाने माझ्या नातीएवढी.
"माती मध्यावर आली की हात आपोआप गप्प होतात."
माझी माती मध्यावर येत नाही.
शनिवारच्या बाजारात
बसचं दार उघडल्यावर माणसं घुसायची
तशी ती सगळीकडून एकदम येते.
पहिल्या दोन महिन्यांत माझ्या हातून झाली
एक बशी, जी कप व्हायला निघाली होती,
आणि एक जे काही होतं ते
पॉलीनने साबण ठेवायला मागून नेलं.

आई कारखान्यात कपांवर फुलं काढायची.
निळी, बारीक, पाच पाकळ्यांची.
डझनावर पैसे.
घरी यायची तेव्हा बोटांना टर्पेंटाइनचा वास,
आमच्या पावालाही तोच.
घरात मात्र फूल नव्हतं,
पडद्यावर नाही, उशीच्या अभ्र्यावर नाही.
एकदा तिच्या वाढदिवसाला मी डॅफोडिल नेले,
म्हणाली, "छान आहेत. बाहेर ठेव."
आणि शेवटच्या चिठ्ठीत,
गॅसचं बिल कुठे आहे त्याच्या खाली,
"दफनाला फुलं नकोत, बजावून ठेवते."

म्हणून रंगवायची पाळी आली तेव्हा
मी कपावर बस काढली.
लाल, दुमजली, पुढे एकवीस.
"चाकं लांबट झालीत," इम्तियाज म्हणाला.
मी म्हटलं, "वळणावर आहे ती."

आमच्या गावाला एक खोड आहे.
कुणाकडेही जेवायला गेलो
तरी ताट आधी उलटं करून बघतो,
कुठल्या कारखान्याचं, कुणाच्या हातचं.
यजमानही रागावत नाहीत, तेही तेच करतात.
तसाच मी त्या मंगळवारी
जुन्या सामानाच्या दुकानात
बशा उलट्या करत उभा होतो.
एकीच्या पोटाशी कारखान्याचा शिक्का
आणि शेजारी निळा ठिपका, शेपटी असलेला,
बेडकाच्या पिल्लासारखा.
आईची खूण अशीच होती का?
शपथेवर नाही सांगता येणार.
मी कधी विचारलंच नव्हतं.

पन्नास पेन्सला बशी घेतली.
स्वयंपाकघरात चष्मा लावून
फुलं मोजत बसलो, उगीच.
पाच पाकळ्या, पाच, पाच, पाच.
आणि कडेला, चहाच्या डागाजवळ,
एका फुलाला सहा.

दमली होती का त्या दिवशी,
की मोजणी चुकली?
की मुकादमाची पाठ वळल्यावर
हळूच काढली, गालात हसत,
चाळीस वर्षांत एवढीच एक स्वतःसाठी?

गुरुवारी ब्रॉनीकडून
सगळ्यात बारीक कुंचला मागून घेतला.
भट्टीत जायच्या आधी,
बसच्या वरच्या मजल्यावर, शेवटच्या खिडकीत,
एक निळं फूल बसवलं.
हात थरथरला. दोन पाकळ्या एकमेकींत मिसळल्या.

भट्टीतून आली तेव्हा
बसचा लाल रंग विटकरी झाला होता,
कपाचा कान जरा कलला होता,
आणि टेबलावर ठेवला की कप डुगडुगतो,
थांब्यावर इंजिन चालू ठेवून
कुणाची तरी वाट बघितल्यासारखा.

पॉलीनने तो उचलला, उलटा केला.
खाली काहीच नव्हतं.
"नाव घालायचं राहिलं," ती म्हणाली.
मी म्हटलं, "खाली नको बघू.
खिडकीत मोज."